मान धरली का?

"आधी मानेखाली हात, मग पाणी. आणि काही झालं तरी लेकराला एक दिवसही पारोसं ठेवू नकोस."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या घशातून आवाज नीट निघत नव्हता. तिने त्यांचा हात हातात घेऊन 'हो' म्हटलं होतं. त्यांना जाऊन आज पंधरा दिवस झाले. चौथ्याच दिवशी तिच्या ओल्या हातातून पोराची मान निसटली, नाकातोंडात पाणी गेलं, ओठ निळे पडले. तेव्हापासून ती त्याला नुसतं ओल्या फडक्याने पुसत होती. सासूबाईंनी पोराच्या जन्मापासून न मोडलेला नेम तिच्याकडे आला आणि चार दिवसांत मोडला.

दुकानात टब एकात एक घालून छतापर्यंत रचले होते. निळे, गुलाबी, बुडाशी बदकं चिकटवलेले.

"कितवा महिना, ताई?" विक्रेतीने विचारलं.

"सहावा."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कान तापले.

"मान धरली का?"

"अजून नाही."

"धरेल हो. आमच्या धाकटीनेही असाच वेळ लावला होता. आता सगळं घर डोक्यावर घेते." विक्रेतीने वरच्या फळीवरून तिरप्या चौकटीवर ताणलेली एक जाळी काढली. "ही टबात बसवायची आणि बाळाला वर आडवं ठेवायचं. डोकं पाण्यात जायची भीतीच नाही, आपले दोन्ही हात मोकळे. वजन किती आहे?"

"अकरा किलो."

विक्रेती मनापासून हसली. "अगं बाई! मान नाही धरली, पण बाळसं मात्र झकास धरलंय की."

तीही हसली. ते हसू ओठांवर तसंच राहून गेलं. जाळीच्या चौकटीवर एक कागद चिकटवला होता. नऊ किलोपर्यंत.

"तिसरं वर्ष लागलंय त्याला," ती म्हणाली.

विक्रेतीने जाळी हळूच मिटली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "चौकात रुग्णांच्या सामानाचं दुकान आहे. तिथे मोठ्या मापाची मिळेल. पेशंटला आंघोळ घालायची असते ना, तसली."

"तिच्यावर बदकं असतात का?"

विक्रेती हातातल्या चौकटीवरची धूळ पदराने पुसत राहिली.

चौकात ते दुकान होतं. काचेआड कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, पलंगाखाली सरकवायची भांडी. ती समोरच्या पदपथावर उभी राहिली. रस्ता ओलांडायचा हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा विझला तेव्हा ती घराकडे वळली.

नवरा पोराला खांद्यावर घेऊन दारातच उभा होता, एक हात त्याच्या मानेमागे. या घरात कुणाचेच दोन्ही हात कधी मोकळे नसत.

"मिळालं काही?"

"त्याच्या मापाचं नव्हतं."

"राहू दे मग. आजचा दिवस पुसून घेऊ."

तिने पाणी तापत ठेवलं. कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार मिसळलं, पुन्हा पाहिलं. मग न्हाणीघरात पाट मांडून सासूबाई बसायच्या तशी भिंतीला पाठ टेकून बसली आणि पाय लांब पसरले. साबण, तांब्या, पंचा, सगळं उजवीकडे ठेवलं. डावा हात आधीच अडकणार होता.

तो तळवा खोलगट करून तिने नुसताच पुढे धरला. रिकामा तळवा थरथरत होता. थांबेल म्हणून तिने थोडा वेळ वाट पाहिली.

थांबला नाही.

"आणा त्याला," ती म्हणाली.