विहिणीची ओटी

केसरबाईनं पिशवीतून नारळ काढला, मग खण, मग गव्हाची पुडी, आणि सगळं ताटात नीट मांडलं. लीलाबाईच्या हातातला चहा तसाच निवत राहिला. कोर्टाची तारीख आजच होती, आणि आरोपीची आई पहिल्या एसटीनं शेळगावहून जळोचीला येऊन तिच्याच घरात ओटी मांडून बसली होती.

"विहीणबाई, मेघनाला बोलवा," केसरबाई म्हणाली.

ती कशाला आलीय, हे लीलाबाईला कुणी सांगायला नको होतं. ही बाई आज लेकाच्या, विकीच्या बाजूनं साक्षीला उभी राहणार होती. त्याआधी सुनेची ओटी भरायची, गोड बोलून तिला नांदायला न्यायची, म्हणजे केस आपोआप बारगळली. वर लेक सासरी धाडताना ओटी भरायचा मान माहेरचा, तोही हिनं घरात येऊन हिसकावला. लीलाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण दारी आलेल्या विहिणीला ऊठ म्हणायला जीभ रेटेना.

मेघना लग्नानंतरच्या पहिल्याच आखाडात एका पिशवीनिशी आली होती. परत जाणार नाही म्हणाली आणि ब्लाउज शिवायला बसली. हात चांगला होता. दिवाळीपर्यंत बायका तिच्याकडं नंबर लावू लागल्या. मग तुळशीचं लग्न झालं, घरातले सगळे कऱ्हाटीला लग्नाला गेले, आणि ती एकटी असताना विकी आला. ती नको म्हणाली. त्यानं दाराला आतून कडी लावली, तशी भीतीनं तिची वाचाच बसली. त्यानं काही ऐकलं नाही.

नवराच तर हाय, असं निम्मी भावकी म्हणाली. उरलेली निम्मी तेच मनात म्हणाली.

सरकारी वकील विजयमालाबाईंनी मात्र कायदा उलगडून सांगितला होता. बायको एकत्र नांदत असेल तर कायदा अजून हात आखडता घेतो. पण ती वेगळी राहत असेल, मग कोर्टाचा कागद असो वा नसो, तर तिच्या संमतीशिवाय संबंध ठेवणं हा नवऱ्याचाही गुन्हा. आणि संमती म्हणजे स्वतःहून दिलेला स्पष्ट होकार. ओरडली नाही, झटापट केली नाही, याला कायदा होकार म्हणत नाही. ते ऐकून मेघना कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली होती.

गाडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. विकीचा वकील म्हणत होता, ती वेगळी राहत होतीच कुठं? नवी सून आखाडाला माहेरी जाते तशी गेली, जरा जास्त राहिली, एवढंच. आता आखाडात कुणाची सून माहेरी जात नाही? शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही यावर काही बोलता येईना. ती संसार सोडून आली होती, हे सांगायला शेळगावातलं एकही तोंड उघडत नव्हतं.

मेघना बाहेर आली. तिनं ताट पाहिलं, मग आईकडं पाहिलं. लीलाबाईनं मानेनंच नको म्हटलं.

"पोरी, ओटी भरू का?" केसरबाईनं विचारलं.

मेघना खाली बघत उभी राहिली.

"गप नगं ऱ्हाऊ. तुझ्या गप बसण्यावर म्या काय करायची न्हाय. भरा म्हण, न्हायतर नगं म्हण. नगं म्हणलीस तर ही उठले."

केसरबाईनं नारळाला हातसुद्धा लावला नाही. मेघनानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग ओढणी पसरली.

"भरा, आत्या," ती म्हणाली.

एवढं सोसून पोर एका नारळावर विरघळली, असं लीलाबाईला वाटलं. आपणच कुठं कमी पडलो का, हेही वाटलं. केसरबाईनं कुंकू लावलं, खण-नारळ ओटीत घातला आणि डोळ्यांना पदर लावला. चल घरी, असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही. बाई पोचलेली आहे, लीलाबाई मनात म्हणाली.

तिघी एकाच रिक्षातून बारामतीला कोर्टात गेल्या. आई आणि बायको बरोबर उतरताना पाहून विकीनं वकिलाला कोपरानं ढोसलं. मेघनाच्या कपाळावरचं ताजं कुंकू दोघांच्याही नजरेतून सुटलं नाही.

सुनावणी बंद दालनात होती. लीलाबाईला लेकीजवळ बसायची परवानगी मिळाली होती. केसरबाई पिंजऱ्यात उभी राहिली, तिनं शपथ घेतली. वकिलानं विचारलं, तुमच्यात आखाडाला सून माहेरी धाडायची रीत काय?

"सासू ओटी भरून धाडती, साहेब," केसरबाई म्हणाली. "म्हंजी ती परत येणार, असं समजायचं. मोकळ्या ओटीनं सून धाडत न्हाईत."

वकिलाला हेच हवं होतं. "मग मेघनाची ओटी तुम्ही भरलीत?"

"भरली की."

विकी खुर्चीत सैल होऊन बसला. लीलाबाईनं डोळे मिटून घेतले आणि लेकीचा हात घट्ट धरला.

न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "ओटी कधी भरली?"

"आज सकाळी, तिला इचारून," केसरबाई म्हणाली. "तवा कशी भरणार? तवा ती माझ्या लेकाला कायमची सोडून चालली हुती, आन् दार म्याच उघडून दिलं हुतं."