तिसऱ्या टोपीखाली

देवाचं कुंकू पुसणारा माणूस तानाबाईंनी आयुष्यात एकच बघितला होता, आणि तो त्यांच्याच पोटचा होता. खंडेनवमीला घरातली अवजारं, शिलाई मशीन, गाडी, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. पूजा झाली, गाडी लिंबांवरून पुढं गेली, की धाकटा ज्ञानदेव फडकं घेऊन इंजिनात वाकलाच. म्हणे, इथं ओलं काही चालत नाही. देव चालत नाही म्हण की सरळ.

गेल्या वर्षी तो मारुंजीहून आलाच नाही. कंपनीत काम होतं म्हणाला. यंदा आला होता, आणि पूजेच्या आधीच बॉनेट उघडून बसला होता.

"ताट तयार हाय," तानाबाई पायरीवरून म्हणाल्या. "गाडी लिंबावरनं काढ आन जेवायला बस. गावाम्होरं तिचं पोट फाडून ठेवू नगंस."

"लंगडतीये आई. लिंबावर जाऊन बंद पडंल, मग तूच बोलशील."

"वरीस झालं लंगडतीया. तुला आज दिसली."

जुनी फियाट अंगणात थरथरत उभी होती. पुढच्या सीटवर तानाबाईंचे मालक, दादासाहेब, बसले होते. पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा खिडकीबाहेर, दारावर होता. गाडी लिंबांवरून जाताना आपण आत असायचं, एवढंच त्यांनी सकाळपासून खुणेनं मागितलं होतं.

थोरला समाधान कंपनीच्या शर्टातच शेजारी उभा होता. "त्या दिवशी पिंपरीला दवाखान्यात नेताना तळवड्याच्या पुढं गाडी मरायलाच लागली," तो म्हणाला. "ढकलली मी. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला पाहिजे होतं."

ज्ञानदेवानं बॉनेटची काडी नीट अडकवली.

"उन्हाळ्यात गाडीसाठी तुला फोन केला होता," समाधान म्हणाला.

"रविवारी येतो म्हणालो होतो, दादा."

"कुठल्या रविवारी, ते नाही म्हणालास."

"मग मेकॅनिक बोलवायचा ना."

समाधाननं आईकडं बघितलं. आईनं तुळशीकडं. मालकांच्या गाडीत परक्याचा हात जायचा नाही, ज्ञानू येईल, तोच बघेल, हा हुकूम तिचा होता. तिचा हुकूम त्या घरात कुणी मोडत नसे.

ज्ञानदेवानं इंजिन चालूच ठेवलं. जाड कोरडं फडकं हातात धरून पहिल्या प्लगची टोपी उपसली. आवाज अडखळला, गाडी आणखीच हादरली. टोपी परत बसवली. दुसरी उपसली, तेच. तिसरी उपसली. काहीच झालं नाही. गाडी होती तशी थरथरत राहिली.

"हा मेलाय," तो म्हणाला. "चारातला एक. काढला काय, ठेवला काय, तिला पत्ताच नाही."

दारावरचा दादासाहेबांचा हात आवळला गेला.

इंजिन बंद करून ज्ञानदेव खाली वाकला. प्लगच्या पांढऱ्या अंगावर नख फिरवलं. नखात लाल आलं. वाळून घट्ट बसलेलं कुंकू, कडेला हळदीची पिवळी रेघ. ठिणगी आत जायची सोडून या लाल वाटेनं बाहेरच्या लोखंडात पळत होती.

तानाबाई पायरीवरून उठल्या. आठवायची गरज नव्हती. गेल्या खंडेनवमीला मालक म्हणाले होते, वरवर लाव गं. वरवरची पूजा माझ्या घरात होत नाही, असं फणकारून त्यांनी ज्ञानूचं फडकं पोचणार नाही अशी जागा शोधली होती. बाकीच्या टोप्या घट्ट होत्या. तिसरी सैल निघाली. ती वर करून त्यांनी बोट आत चांगलं फिरवलं होतं. फडकंवाला येणारच नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

"काय निघालं?" समाधाननं विचारलं.

ज्ञानदेवानं बापाकडं बघितलं. आईकडं बघायचं टाळलं.

"कार्बन," तो म्हणाला. "माझंच चुकलं. मागंच येऊन साफ करायला पाहिजे होता."

फडक्यावर पेट्रोल घेऊन त्यानं प्लग पुसला, टोपी आतून पुसली, आणि फडक्याची घडी करून घाईनं शर्टाच्या खिशात कोंबली. टोपी दाबून बसवली. स्टेअरिंगमागं बसून चावी फिरवली.

इंजिन एका लयीत लागलं. दादासाहेबांच्या तोंडून काहीतरी निघालं. शब्द नव्हता. डावा हात दारावर थापट्या मारत राहिला.

तानाबाई ताट घेऊन आल्या. कुंकवाचं बोट इंजिनावर गेलं, थांबलं, माघारी आलं. त्यांनी स्वतः बॉनेट खाली ओढलं आणि बाहेरच्या पत्र्यावर टिळा लावला. गाडी पुढं सरकली, चाकाखाली लिंबं फुटली. दादासाहेबांचे डोळे भरून आले. तानाबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

ज्ञानदेव खाली उतरला. सणाचा पांढरा शर्ट. पेट्रोलनं भिजलेल्या फडक्यातलं कुंकू खिशातून झिरपून थेट छातीवर पसरलं होतं.

तानाबाई त्या डागाकडं बघत राहिल्या. हातातलं ताट त्यांनी पायरीवर ठेवलं.

"लबाडा," त्या म्हणाल्या. "पुसायचंच व्हतं, तर गेल्या साली यायचं व्हतंस."