भर बाजारात शांतता

पेठेतली ती दोन खोल्यांची जागा दलाल फक्त बाजाराच्या सुट्टीदिवशीच दाखवायचा. त्या दिवशी खालचा पत्रेवाला नसे, समोरच्या बसथांब्यावर चिटपाखरू नसे.

आजही त्याने भाड्याने जागा शोधणाऱ्या नवरा-बायकोला मधल्या खोलीत उभं केलं आणि हळूच म्हणाला, "ऐका. टाचणी पडली तरी कळेल!"

"आणि शेजारी?" बायकोने विचारलं.

"देवमाणसं. घरात आहेत की नाहीत, पत्ता लागत नाही."

"मग नको बाई," ती नवऱ्याकडे बोट दाखवत दलालाला म्हणाली. "हे ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतात. रोज दोन तास सराव. असल्या शांत जागांतूनच तीनदा सामान उचलावं लागलं. म्हटलं, भर बाजारात तरी यांची धडधड खपून जाईल."

दलालाच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो ताई, मग हीच जागा घ्या! खाली दिवसभर पत्रे ठोकतात. बसवाले हॉर्नवरचा हात काढत नाहीत. शेजारचे तर भिंती हादरेपर्यंत भांडतात. आधीचा भाडेकरू कानात बोळे घालून जेवायचा हो! आईशपथ! खोटं वाटत असेल तर उद्या येऊन बघा."

ती चपला घालता घालता हसली.

"राहू द्या हो दादा. गिऱ्हाईक निसटतंय म्हटल्यावर उद्या तुम्ही चार माणसं भाड्याने आणून पत्रे ठोकायलासुद्धा बसवाल."