जगनच्या वतीने

जगनला जन्मापासून ऐकू येत नाही. दिव्यांगांना घराबाहेर, चारचौघांत राहता यावं म्हणून डोंबिवलीतली एक संस्था योजना आखत होती. तिच्या तीन बैठकांना तो मोहन्याहून बहिणीला, मायाला घेऊन गेला. तो खुणांनी बोलायचा आणि माया ते संस्थेच्या लोकांना सांगायची. तिन्ही वेळा त्याने एकच मागितलं. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या वर्कशॉपजवळ एक खोली, जोडीला त्याच्यासारखाच एक मित्र.

चौथ्या बैठकीला रुचिता मॅडम नव्याने आल्या होत्या. त्यांना खुणांची भाषा येत होती. फाईल चाळून त्यांनी थेट जगनलाच हातांनी विचारलं, "तुम्हाला घर सोडायचंच नाहीये का? इथे तिन्ही वेळा तसंच लिहिलंय."

जगनने वळून मायाकडे पाहिलं.

तिचे हात भराभर हलू लागले. "अरे, तू गेलास तर आईचं कोण करणार? मी एकटी कुठे कुठे पुरू? तुझ्या भल्यासाठीच बोलले रे मी. ऐक ना माझं."

जगनने डोळे मिटून घेतले.