काठाची शिवण

फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठी दर उन्हाळ्यात व्हायकिंगांच्या काळातला बाजार भरे, आणि हौशी मंडळी हजार वर्षांपूर्वीसारखे कपडे स्वतः विणून, शिवून, अंगावर घालून येत. पण बोडिलला त्यातलं काही पसंत पडेल तर शपथ! "हा रंग डब्यातला." "ही शिवण मशीनची." "शी, बटणं!" असं नाक मुरडत ती सगळ्या तंबूंतून फिरली आणि शेवटी स्वतःच्या नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

प्रेबेनने यंदा पहिल्यांदाच माग लावून स्वतःसाठी अंगरखा केला होता. हिवाळाभर ती त्याला "अरे, हे कापड आहे की पोतं?" म्हणून टोचत होती, आणि तो दर वेळी उसवून पुन्हा करायला बसत होता.

"आणि कानात ते ऐकायचं यंत्र कसलं? त्या काळी होतं का असलं काही? काढ आधी!"

त्याने यंत्र काढून कमरेच्या थैलीत टाकलं आणि पाण्याकडे बघत बसला.

आता खोट काढायचीच म्हणून बोडिलने अंगरख्याचा काठ उलटून पाहिला, तो पाहतच राहिली. टाका न् टाका हाताचा, बारीक, एकसारखा. तिला स्वतःला इतकं कधी साधलं नव्हतं. तिचा आवाज नकळत खाली आला.

"सुरेख झालाय रे, प्रेबेन. माझ्याहून सरस."

प्रेबेनने तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं आणि नेहमीसारखी मान डोलावली.



"बरं. घरी गेलो की उसवतो."