डावीकडे म्हणजे कुणाच्या?

मोटारसायकलचं ऑइल बदलणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, त्याला तज्ज्ञाचं मार्गदर्शनच लागतं, असं निवृत्त पोस्टमास्तरांनी जाहीर करून टाकलं होतं. वास्तविक लागतो तो एक पाना आणि एक जुनं घमेलं.

एरवी परगावच्या मुलाचा फोन दीड मिनिटात आटपायचा. "जेवलात? गोळी घेतलीत? बरं, ठेवतो." ऑइलच्या दिवशी मात्र तो पाऊण तास फोनवरून हलत नसे.

"बाबा, खालचा नट डावीकडे फिरवा."

"डावीकडे म्हणजे माझ्या की गाडीच्या?"

"धन्य आहे तुमची!" मुलगा खो खो हसला. मास्तर खुशीत फोन स्टुलावर टेकवून गाडीखाली चाचपडू लागले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काका, परवा माझ्या स्कूटरचं ऑइल दहा मिनिटांत बदललंत! सगळी गल्ली तुमचंच नाव घेते. आज आमच्या ह्यांच्या गाडीचं जमेल का?"

मास्तरांनी झटकन तळहाताने फोन झाकला.


"हळू बोल गं बाई. मला अजून नट सापडायचाय."