तीन ईसीजी

हेमेंद्र चौतिसाव्या वर्षी बॅडमिंटन खेळताना कोसळला आणि जागीच गेला. तेव्हापासून त्याची आई लीलाताई 'शिंदे की छावनी' या त्यांच्या मोहल्ल्यात भेटेल त्याला सांगत, "सुनेचा पायगुण. माझा मुलगा खाल्ला हिनं." सून सोनिका ऐकून घेई.

सहा वर्षांनी हेमेंद्रची मुलगी शिखा शाळेत पळताना बेशुद्ध पडली. हृदयाचे ठोके अचानक बिघडण्याचा आजार निघाला. डॉक्टरांनी घरातल्या तिघींचेही ईसीजी काढले.

रिपोर्ट ऐकायला सोनिका एकटीच आत गेली. डॉक्टर म्हणाले, "तुमचा नॉर्मल आहे. सासूबाईंच्या ईसीजीत मात्र तोच दोष आहे. त्यांच्याकडून तो मुलाला आला, मुलाकडून नातीला. त्या दोघींनी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. चुकली तर हृदय अचानक बंद पडू शकतं."

बाहेर बाकावर लीलाताई शिखाचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. "काय म्हणाले डॉक्टर? कुणाकडून आली ही बीमारी पोरीला?"

"ते सांगता येत नाही म्हणाले, आई," सोनिका त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "आपल्या तिघींनाही गोळी दिलीय. रोज सकाळी सोबतच घेऊ."